जावा का जाम झाली

टेम्पोवाल्यानं टेम्पो शेडच्या दारात आडवा लावला आणि खाली न उतरताच विचारलं, "मिस्त्री कुठायत?"

"बोल की," मी म्हणाले.

"तुमी न्हवं. लोहार मिस्त्री पायजेत. टू-स्ट्रोकवाले."

"मीच. मालन लोहार. काय आणलंयस ते उतरव."

त्याचं काही चुकलं नव्हतं. ही गोष्ट नव्वदीच्या मध्यातली. तेव्हा गडहिंग्लजात एक बाई इंजिन उघडते हे ऐकून लोक आधी नुसतं बघायला यायचे आणि मग कधीतरी गाडी घेऊन यायचे. वडील गेल्यावर शेड मी चालवायला घेतली होती. जावा, येझदी, राजदूत, त्या पट्ट्यातल्या सगळ्या जुन्या गाड्या माझ्याच हाताखालून जायच्या. टू-स्ट्रोक इंजिन माझ्याइतकं तिथं कुणालाच उमगत नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणते.

टेम्पोतून गाडीच्या आधी एक बाई उतरली. चाळिशी ओलांडलेली, फिक्या निळ्या सुती साडीतली, हातात काळी पर्स. बालवाडीच्या रेडेकर बाई म्हणून मी तिला तोंडओळखीनं ओळखत होते. गावात सगळे इंदूताई म्हणायचे. नवरा लवकर गेला आणि ती माहेरी येऊन राहिली, एवढंच मला माहीत होतं.

मागून गाडी उतरली. अडीचशे सीसीची जावा. मूळचा लाल रंग शेणामातीखाली कुठंकुठं दिसत होता. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, पुढचा मडगार्ड दुमडलेला, उजवीकडचा फूटरेस्ट आत वळलेला. ती पडली होती आणि पडल्यानंतर कुणी तिला हातही लावला नव्हता, हे लांबूनही कळत होतं.

मी किक दाबून बघितली. दगडावर पाय मारल्यासारखं झालं.

"चालू हुईल," मी म्हणाले. "टाइम लागंल, पण हुईल."

"चालू नंतर करा," इंदूताई म्हणाली. "आधी ही का बंद पडली ते कळेल का?"

गिऱ्हाईक असं विचारत नाही. कधी होईल आणि केवढ्याला होईल, हे दोनच प्रश्न असतात.

"उघडल्यावर कळंल."

"इतकी वर्षं झाली तरी?"

"त्येला वर्षाचं काय? इंजिन झाकलेलं हाय. बंद पडताना आत जे झालं ते आत तसंच असणार. का हो, काय झाल्तं?"

"तुम्ही बघा आणि मला सांगा," ती म्हणाली. "मी आधी काही सांगत नाही. आणि उघडाल तेव्हा मला बोलवा. मला समोर बसून बघायचंय."

मला ती अट आवडली.

टाकी काढली तर आत नुसता गंज. पेट्रोल केव्हाच उडून गेलेलं. मग प्लग काढला. त्याचं टोक पांढुरकं, भाजलेल्या चुन्यासारखं. मी तो फडक्यावर बाजूला ठेवला. सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड उचललं, आत डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि गाडी तशीच मुरू दिली. असल्या इंजिनाला हातोडी घातली की मग बघायला काही उरत नाही. रोज सकाळी येऊन थोडं ओतायचं, लाकडी ठोकळ्यानं हलकं ठोकायचं, की आपल्या दुसऱ्या कामाला लागायचं. चांगला आठवडा गेल्यावर एका सकाळी पिस्टन केसभर हलला. मी लगेच बालवाडीत निरोप धाडला.

इंदूताई शाळा सुटल्यावर आली, स्टूल ओढून बसली. मी सिलिंडर वर खेचून काढला, पिस्टन सोडवला आणि उजेडाला धरला.

पिस्टनच्या एका अंगाला, जिथून धूर दोन सायलेन्सरांकडे जातो त्या दोन तोंडांसमोर, ॲल्युमिनियम वितळून फासल्यासारखं झालं होतं. दोन डाग, अंगठ्याएवढे. बाकी पिस्टन मात्र ठीक होता. कारखान्यातल्या लेथच्या बारीक रेघासुद्धा शाबूत.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"तापून धरलाय. पण पुरतं काय ते खालचं उघडल्याशिवाय बोलणार न्हाई."

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पायजमा-शर्ट, खांद्याला बाजाराची पिशवी. इंदूताईला बघून तो जरा अवघडला.

"वैनी, हितं आणलीसा व्हय?"

"हे धनाजी," तिनं मला सांगितलं. "माझे धाकटे दीर. आजऱ्याच्या पुढं गाव आहे आमचं. गोठा नवा बांधतायत, म्हणून गाडी भंगारात घालायची होती. पण कागद माझ्या नावावर. लग्नात माझ्या वडलांनी दिलेली गाडी ही."

"सही मागायला गेलो, तर ह्यांनी गाडीच मागून घेतली," धनाजी माझ्याकडं बघत म्हणाला. मग आवाज उतरवून तिला म्हणाला, "वैनी, कशाला उकरून काढताय? आबांना कळलं तर पुन्हा तेच सुरू हुईल."

"काय सुरू हुईल?" मी विचारलं.

तो घुटमळला. पिस्टन अजून माझ्या हातात होता. त्याच्याकडं बघत तो म्हणाला, "तेल न्हवतं घातलेलं. म्हणून उतारावर इंजिन जाम झालं, मागचं चाक धरलं आन् दादा ट्रकखाली गेला. तवाच सगळ्यांनी सांगितलंय. त्यात बघायचं काय राहिलंय?"

टू-स्ट्रोक गाडीला इंजिन ऑइल वेगळं नसतं. ते पेट्रोलमध्येच मिसळून टाकीत घालायचं असतं. विसरलं तर इंजिन कोरडं पडतं, तापतं आणि पळता पळता जाम होतं. हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं. "इंजिन उघडलेलं कुणी?"

"उघडायचं कशाला? किक बसत न्हवती, दिसत हुतं की."

"म्हंजे कुणी बघितलं न्हाई."

"बाई, माझा भाऊ गेलता," धनाजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "तवा मी शाळंत हुतो. इंजिन बघायचं कुणाला सुचणार?"

त्याचंही खरं होतं. तो गेला. इंदूताई मान खाली घालून पर्सच्या बंदाशी चाळा करत बसली होती.

"तेल कोण घालायचं?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "ते जनावरांच्या दवाखान्यात होते. पहाटे कुठल्या ना कुठल्या गावचं बोलावणं यायचं. पंप लांब, म्हणून घरी कॅन भरून ठेवलेला असायचा. ते कपडे करेपर्यंत मी तेल मिसळून टाकी भरायची."

मग तिनं वर बघितलं. आता ती काय विचारत होती ते मला नीट कळलं. ती विचारायला आली होती, की तिच्या नवऱ्याला कुणी मारलं.

"ताई," मी म्हणाले, "आत जे निघंल ते निघंल. मी गोड करून सांगणार न्हाई."

"म्हणूनच इथं आणलीय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच ती आली. मी इंजिन चौकटीतून काढून बाकावर घेतलं. कुठंही फडकं मारलं नाही, ब्रश मारला नाही. एरवी मी आधी धुते, मग उघडते. त्या दिवशी मात्र धूळसुद्धा मला साक्षीला हवी होती.

उजव्या अंगाचं झाकण काढलं की जावाचा डायनॅमो लागतो. तो क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या आसाच्या, टोकावर बसलेला असतो, क्रँकबरोबर गरगर फिरतो. त्याच्यामागं रबराचं एक सील असतं. इंजिनाच्या पोटातला पेट्रोल-तेलाचा वाफारा बाहेर जाऊ नये आणि बाहेरची हवा आत येऊ नये, एवढंच त्या सीलचं काम. मी ते बोटानं दाबलं. कडक झालं होतं, वाळल्या सालपटासारखं, आणि एका जागी चिरलं होतं.

"हे फुटलंय," मी दाखवलं. "असं सील फुटलं की इंजिन इथनं चोरून हवा ओढतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. मग आत चुलीसारखा जाळ हुतो. प्लग पांढरा पडतो. पिस्टन धुराच्या तोंडाशी वितळतो."

"म्हणजे यामुळं?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. तिचा चेहरा बघून तसंच म्हणावंसं वाटत होतं.

"थांबा. इतकी वर्षं गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर आज फुटकं असणारच. तवा फुटलं हुतं का, ते बघायला पायजे."

मी डायनॅमो ओढून काढला, टॉर्च घेतली आणि तो जिथं बसतो त्या पोकळीत उजेड टाकला. बराच वेळ बघत राहिले. मग टॉर्च तिच्या हातात दिली.

"तुम्हीच बघा. काय दिसतं?"

"काळं काहीतरी. गोल. सगळीकडून सारखं उडालंय." ती थांबली. "ताक घुसळताना डेऱ्याच्या आतून कसं उडतं, तसं."

"तेच. उभ्या गाडीत तेल गळलं असतं तर खाली ओघळलं असतं. हे गरगर फिरताना उडालंय. म्हंजे गाडी पळत हुती तवाच सील फुटकं हुतं, आन् आतला वाफारा इथनं बाहेर येत हुता. त्या वाफाऱ्यातलं पेट्रोल उडून गेलं, मागं हे राहिलं."

"हे काय आहे?"

"तेल."

तिनं टॉर्च पुन्हा आत धरली. मीच पुढं बोलत राहिले, कारण माझं अजून पुरतं झालं नव्हतं. "पण हे आदल्या दिवसांचं पण असू शकतं. त्या दिवशी घातलं हुतं का, ते हितं कळत न्हाई. ते खाली कळंल."

मी स्क्रू सोडले, क्रँककेसचे दोन भाग अलग केले. तळाच्या खळगीत दाट, तपकिरी असं काही साचलं होतं. गुऱ्हाळात कढईच्या काठाला काकवी चिकटून राहते, तसं. मी क्रँक उचलला आणि त्याला पिस्टनशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग फिरवलं. ते गुळगुळीत फिरलं. रोलरवर पिवळसर, ओशट थर. कुठं निळेपणा नाही, कुठं ओरखडा नाही.

तेव्हा मी हातातलं सगळं खाली ठेवलं.

"आता ऐका. घर ते उतार किती लांब?"

"दहा-बारा मैल असेल."

"टाकीत आधीचं काय हुतं?"

"काही नाही. रात्रीच संपली होती. ढकलत आणलेली."

"म्हंजे तुम्ही सकाळी ओतलं त्यावरच गाडी तिथवर गेली. नुसतं पेट्रोल असतं तर एवढ्या वाटंत त्यानं आतलं सगळं तेल धुऊन काढलं असतं. पेट्रोलनं आपण ग्रीसचे हात धुतो, तसं. आधी हे बेअरिंग जळालं असतं, निळं पडलं असतं. पिस्टन चारी अंगांनी खरवडला असता. तळाला ही काकवी राहिली नसती." मी बेअरिंग तिच्यापुढं धरलं. "ताई, तेल हुतं. त्या दिवशी तेल हुतं. सील फुटलं, म्हणून गाडी जाम झाली. ते आतलं सील, बाहेरून कुणालाच दिसलं नसतं. त्यांना न्हाई, तुम्हाला न्हाई."

मला वाटलं होतं ती रडेल. ती नुसती त्या बेअरिंगकडं बघत राहिली.

"नक्की?"

"मालन लोहार सांगतीय. उद्या कुणी मोठा इंजिनेर आणा, त्यालाही हेच दिसंल."

मग ती बोलली, आणि मला जे कळलंय असं वाटत होतं ते अर्धंच होतं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी तेल घातलं की नाही. रोजचं काम. हात आपोआप करायचे. त्या दिवशी संध्याकाळी सगळे विचारायला लागले, घातलंस का, घातलंस का, तेव्हा मी डोळे मिटून बघायची, तर कधी घातल्याचं दिसायचं, कधी न घातल्याचं. सासरे म्हणाले, तूच मारलंस माझ्या पोराला. मी नाही म्हणू शकले नाही. मला खरंच माहीत नव्हतं. वर्षभर तिथं राहिले, मग निघून आले." तिनं पर्स मांडीवरून बाजूला ठेवली. "गाडी मागून घ्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, नाही निघालं तेल, तर नाही निघालं. पण एकदा कळू दे."

मला पुष्कळ बोलायला येतं. त्या दिवशी मी उठून चहा टाकला.

पुढचं काम माझं नेहमीचं होतं. सिलिंडर बोअर करून आणला, कोल्हापूरहून एक नंबर मोठा पिस्टन मागवला, क्रँकला नवी पिन, नवी बेअरिंगं. दोन्ही बाजूंची नवी सीलं मी स्वतः तेल लावून बसवली. सगळं जोडल्यावर इंजिनाची तोंडं बंद केली, सायकलच्या पंपानं आत हवा भरली आणि सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा आला नाही. इंदूताई शाळा सुटली की यायची. शेवटी शेवटी पाना कुठला हवा ते न सांगता हातात द्यायला लागली होती.

किक मारली आणि दुसऱ्यांदा मारली. जावा बोलली. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको. शेजारचा टायरवाला हातातलं चाक टाकून बघायला आला.

"मालनताई, एक काम आणखी आहे," ती म्हणाली. "गाडी घेऊन माझ्या सासरी यायचं. आणि जुने भाग बरोबर घ्यायचे. ते काळं पुसू नका."

"ते मी ठेवलंयच," मी म्हणाले. तळाचं दाट तेल मी सुरुवातीलाच एका डबीत काढून घेतलं होतं.

आम्ही सकाळी निघालो. मी पुढं, ती मागं. घरासमोर गाडी थांबली तेव्हा धनाजी नव्या गोठ्याच्या भिंतीला पाणी मारत होता. पाइप तसाच वाहत ठेवून तो आला. पुढच्या सोप्यात आबा, इंदूताईचे सासरे, बसले होते. डोळ्यांत फुलं पडलेली, समोर कोण आलंय ते दिसत नव्हतं. पण गाडीचा आवाज त्यांनी ओळखला होता.

"कोण आलंय?"

"मी, इंदू," ती म्हणाली. "आणि ज्यांनी गाडी उघडली त्या मिस्त्री आल्यात. त्यांचं ऐकून घ्या. मग मी जाते."

म्हाताऱ्यानं आवाजाकडं कान केला. मी त्यांच्यापुढं घोंगड्यावर बसले. ज्याला दिसत नाही त्याला काळं वर्तुळ कसं दाखवायचं, याचा विचार मी वाटेत केला होता. मी पिस्टन त्यांच्या हातात दिला.

"आबा, बोट फिरवा. हितं खरबरीत लागतंय?"

त्यांनी फिरवलं. "व्हय."

"आन् बाकीकडं?"

बोटं सगळीकडून फिरली. "गुळगुळीत हाय."

"तेल नसतं तर चारी अंगांनी खरबरीत लागला असता. आता हे धरा. बेअरिंग. फिरवा."

ते फिरवत राहिले. आवाज नव्हताच. मग मी डबी उघडली, त्यांचं बोट धरून आत बुडवलं.

"इंजिनाच्या तळात हे हुतं. त्या दिवसापासनं."

आबांनी ते अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं. पुन्हा चोळलं. धनाजी खांबाला धरून उभा होता.

"तेल हाय," आबा म्हणाले.

मी सीलचं सांगितलं. कसं फुटतं, कसं दिसत नाही, सगळं. त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. ते तेलाचं बोट तसंच पुढं धरून बसले होते. मग इंदूताईच्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली.

"तवाच का न्हाई बोललीस, घातलंय म्हणून?"

"मला आठवत नव्हतं, आबा."

बाहेर पाइपचं पाणी वाहत होतं.

"आठवाय आम्ही सवड दिली न्हाई," आबा म्हणाले. "मीच न्हाई दिली. पोरी, तुझं आयुष्य खाल्लं मी."

ती पुढं गेली, पदराच्या टोकानं तिनं त्यांचं बोट पुसलं. नमस्कार केला नाही, की माफ केलं असंही म्हणाली नाही.

"येते मी," ती म्हणाली. "पुन्हा येईन. आज नाही थांबत."

धनाजी चहाचा आग्रह करत फाटकापर्यंत आला. ती त्याला म्हणाली, "आधी तो पाइप बंद करा, भिंत पडेल." तो हसला आणि हसता हसताच त्यानं डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर तो उतार लागतो. जाताना आम्ही तो चढून गेलो होतो. आता समोर रस्ता सरळ खाली जात होता, दोन्ही बाजूंना ऊस. माझा वेग आपोआप कमी झाला. डावा हात क्लचवर गेला. इंजिन जाम झालंच तर त्या क्षणी क्लच दाबायचा, म्हणजे चाक धरत नाही. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांची सवय असते ती.

ती माझ्या खांद्यावरून बघत होती. "हात कशाला ठेवलाय तिथं?"

"सवय हाय."

"इंजिन तुम्हीच बांधलंय ना?"

"मीच."

"मग?"

मी क्लचवरची बोटं उचलून हँडलला लपेटली.

"जरा जोरात घ्या की, मालनताई," ती म्हणाली.

मी ॲक्सिलरेटर पिळला आणि आम्ही उतार उतरून गेलो.